शिरका, भात आणि रक्तातील साखर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मौदा येथे दिलेले भाषण)



गतवर्षी या व्यासपीठावरून विवाहातील खर्चाविषयी बोलणे झाले, त्याच्या आदल्या वर्षी मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी. यंदा कार्यकारी मंडळाने मला आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली. मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात खेड्यापाड्यांतील मुलांना गणित व विज्ञान शिकविण्यात घालविलेला मी एक शाळामास्तर आहे. तेव्हा आरोग्य या अफाट विषयातून मी एक अगदी लहान तुकडा निवडला आहे. तो तुकडा म्हणजे शिरक्याची बाटली.

आपणांपैकी काहींना हसू येईल. परंतु गेल्या दोनतीन वर्षांत मी समाजातील ज्या ज्या घरी गेलो, मग ते साखरपुड्यास असो की तेरवीस, तेथे कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारलाच आहे : “गुरुजी, साखरेवर कोणता शिरका चांगला?” एक पक्ष सफरचंदाच्या शिरक्याचा. दुसरा जांभळाच्या शिरक्याचा, कारण जांभूळ आणि मधुमेह ही जोडी आपल्या कानांवर लहानपणापासून आहे. तिसरा पक्ष म्हणतो की उसाचा शिरका तो खरा शिरका, आणि चौथा बिचारा स्वयंपाकघरातील पांढऱ्या व्हिनेगरवर भागवितो व मनातून ओशाळतो. निवृत्तीच्या वर्षी माझीही साखर वाढलेली निघाली, त्यामुळे हा प्रश्न मला केवळ इतरांचा राहिला नाही. नागपुरास औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीकडून मी या विषयावरचे इंग्रजी लेख वाचून घेतले, जेथे समजले नाही तेथे तिला पुन्हा पुन्हा विचारले, आणि त्यातून जे हाती लागले तेच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रश्न लहान नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाप्रमाणे भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा रोग लठ्ठ शेटजींचा, आपण तर सडपातळ माणसे, असे समजून निर्धास्त राहण्याचीही सोय उरलेली नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील खेड्यांतील माता व बालके यांचा १९९३ पासून अभ्यास केला. आपली मुले जन्मतःच वजनाने कमी, परंतु त्या मानाने चरबीने अधिक असतात, असे त्यांनी दाखविले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि युडकिन या इंग्रज डॉक्टरांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, पण शरीरातील चरबी एकाची ९ टक्के तर दुसऱ्याची २१ टक्के. एकवीस टक्केवाले आपले याज्ञिकसाहेब होते, हे सांगावयास नकोच!

आता बाटलीकडे वळू. शिरका हा शब्द फारसीतून आला, आणि व्हिनेगर हा फ्रेंचांच्या ‘आंबलेले मद्य’ या अर्थाच्या शब्दावरून. या दुसऱ्या नावातच त्याची कृती सांगितलेली आहे. कोणताही गोड रस उघडा ठेवला की किण्व त्यातील साखरेचे मद्य बनविते, आणि तेच मद्य हवेत तसेच राहू दिले की एका जातीचे जिवाणू त्याचे आम्ल करतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६८ साली शिरक्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. सफरचंदाच्या शिरक्याच्या तळाशी जी गढूळ साय दिसते आणि जिला दुकानदार मोठ्या भक्तिभावाने ‘मदर’ म्हणतात, ती त्या जिवाणूंची व किण्वाची साय होय. रस उसाचा असो, जांभळाचा असो, की गोमंतकातल्याप्रमाणे माडाच्या ताडीचा असो, शेवटी जे आम्ल तयार होते ते एकच, ॲसेटिक आम्ल. रसातील साखर बहुतेक संपून गेलेली असते. उसाच्या शिरक्यात ऊस राहतो तो वासापुरता आणि रंगापुरता.

पांढरा व्हिनेगर बहुधा रस आंबवून केलेला नसतो. कारखान्यात तयार झालेले ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून तो करतात, आणि तसे त्या बाटलीवर लिहिले पाहिजे असा आपल्याकडील कायदा आहे. आंबविलेला असो वा कारखान्यातला असो, शंभर मिलिलिटरमध्ये निदान पावणेचार ग्रॅम आम्ल असलेच पाहिजे, असेही कायदा सांगतो. परदेशी पद्धतीच्या सफरचंदाच्या शिरक्यात ते बहुधा पाच ग्रॅम असते. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

शिरक्याने साखर खरोखर उतरते काय? उत्तर ‘होय, थोडी’ असे आहे. आणि हे ‘थोडी’ म्हणजे किती व केव्हा, यातच सारे मर्म आहे.

मिलान येथील संशोधकांनी १९९५ साली एक अतिशय सुबक प्रयोग केला. माणसे फक्त पाच, सारी निरोगी. त्यांना पाव खाण्यापूर्वी तेल घातलेली पालेभाजीची कोशिंबीर दिली, कधी शिरक्यासह, कधी त्याविना. शिरक्याच्या कोशिंबिरीनंतर पावाने चढणारी साखर सुमारे ३१ टक्क्यांनी कमी भरली. पण खरी गंमत पुढेच आहे. त्यांनी त्याच शिरक्यात खाण्याचा सोडा घालून त्याचा आंबटपणा मारून टाकला आणि मग तो दिला. परिणाम नाहीसा झाला! शिरका तोच, ज्या फळाचा तो फळही तेच, फक्त आंबटपणा गेला आणि त्याबरोबर गुणही गेला. हा एक प्रयोग समजला की दुकानातील अर्ध्या जाहिराती आपोआप निकालात निघतात.

स्वीडनमधील लुंड येथे २००५ साली बारा निरोगी माणसांना पावाबरोबर शिरक्याची तीन वेगवेगळी मापे दिली. जितके आम्ल अधिक, तितकी अर्ध्या तासानंतरची साखर कमी व पोट भरल्याची भावना जास्त, असा क्रम दिसला. तेव्हा शिरक्यांची तुलना करावयाची तर ती फळाच्या नावाने न करता आम्लाच्या टक्क्याने करावी. हे गणित चौथीच्या मुलासही येईल. पाच टक्क्यांच्या शिरक्याचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, घेतला तर पोटात पाऊण ग्रॅम आम्ल जाते. चार टक्क्यांच्या पांढऱ्या व्हिनेगराचा सव्वा चमचा घेतला तरी तितकेच जाते. बाजारात पहिल्या बाटलीस चारपाचशे रुपये पडतात आणि दुसरीस पन्नासाच्या आसपास. मधल्या रकमेत त्या सायीची किंमत आहे, सुंदर चिठ्ठीची आहे, आणि बरीचशी आपल्या भोळेपणाची आहे.

याचा अर्थ सर्व शिरके चवीला सारखे, असे मी म्हणत नाही. आंबविलेल्या शिरक्यास एक घमघमाट असतो, तो पांढऱ्यास नसतो. लोणच्यात व चटणीत तो कळतो. ज्याला परवडते त्याने आवडीने आणावा. मात्र इटलीकडील काळ्या घट्ट बाल्सॅमिक शिरक्यात द्राक्षरसाची साखर उरलेली असते, तसेच मध घातलेल्या शिरक्यात व शिरक्याच्या गोड वड्यांत साखर असते. साखर उतरविण्यासाठी साखरच विकत आणण्यासारखे ते आहे. जांभळाच्या बियांच्या चूर्णाची गोष्ट निराळी. ते चूर्ण म्हणजे हा शिरका नव्हे, आणि एकाचे नाव घेऊन दुसरा विकला जातो एवढे ध्यानात असावे.

हे कसे घडते, ते विज्ञानाच्या तासाच्या आधाराने सांगतो. आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत पाहिले असेल की भाताच्या पेजेवर आयोडीनचा थेंब टाकला म्हणजे ती निळी होते. तेच पेजेत थोडी लाळ मिसळून काही वेळ ठेवली की निळा रंग येत नाही, कारण लाळेतील विकराने पिष्ट फोडून टाकलेले असते. मी निवृत्त होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षांत मुलांकडून तिसरी नळी करवून घेत असे, पेज, लाळ आणि चमचाभर व्हिनेगर. ती नळी निळीच राहते. आंबटपणात लाळेचे विकर लंगडे पडते. त्याखेरीज शिरक्यामुळे जठरातील अन्न आतड्यात हळूहळू सरकते, आणि तेथेही पिष्टाची साखर होण्याचे काम मंदावते, असे संशोधक सांगतात. म्हणजे शिरका साखर खात नाही. भाताची साखर होण्याचा वेग तो कमी करतो.

आणि म्हणूनच त्याची सत्ता केवळ पिष्टावर चालते. अमेरिकेतील ॲरिझोना येथील प्राध्यापिका कॅरोल जॉन्स्टन यांनी या विषयास आयुष्याची कित्येक वर्षे दिली आहेत. त्यांनी २०१० साली दाखविले की जेवणाबरोबर घेतलेल्या दोन लहान चमचे शिरक्याने जेवणोत्तर साखर सुमारे एक पंचमांश कमी चढते, परंतु जेवणाच्या पाच तास अगोदर घेतलेल्या शिरक्याचा तसा उपयोग होत नाही. आणि पिष्टाऐवजी नुसते ग्लुकोज दिले तर शिरका काहीच करीत नाही. पहाटे उठून उपाशीपोटी शिरका पिणारे आणि मग दहा वाजता चहाबरोबर बिस्किटे खाणारे गृहस्थ आपल्या परिचयाचे असतीलच. त्यांच्या शिरक्याची आणि बिस्किटाची गाठच पडत नाही. 

याच जॉन्स्टनबाईंचा २००४ चा प्रयोग जाहिरातींत फार मिरविला जातो. पाव, लोणी व संत्र्याचा रस असे भरपूर पिष्ट-साखरेचे खाणे देण्यापूर्वी त्यांनी २० ग्रॅम सफरचंदाचा शिरका पाण्यातून दिला. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागला होता, पण मधुमेह अद्याप झाला नव्हता, अशांत इन्सुलिनची कामगिरी ३४ टक्क्यांनी सुधारली. ज्यांना मधुमेह झालेलाच होता, त्यांच्यात १९ टक्क्यांनी. रोग जितका पुढे गेलेला, तितका शिरक्याचा हात तोकडा, हे त्यातून दिसते. जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

दीर्घकाळाचा हिशेब याहून थंड आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते, एचबीएवनसी, तिच्यावर त्यांनी २००९ साली बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोज शिरका घेणाऱ्या मधुमेही लोकांत तो आकडा ०.१६ ने उतरला. शिरक्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत किंवा शिरक्यातले लोणचे खाणाऱ्यांत उतरला नाही. मेटफॉर्मिन नावाची साधी, स्वस्त गोळी, जी आपल्यापैकी अनेकांच्या खिशात आहे, ती तोच आकडा सुमारे एकाने उतरविते. एक आणि ०.१६ यांतील अंतर मी फळ्यावर काढून दाखविले असते, पण येथे फळा नाही.

याच संदर्भात एक सावधगिरीची गोष्ट. २०२४ साली लेबनॉनमधील एका अभ्यासाचा फार गवगवा झाला. सफरचंदाच्या शिरक्याने बारा आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन उतरते, असा त्याचा दावा होता. आपल्याकडील मोबाइलवर तो इतक्या जणांनी मला पाठविला की मी मोजणे सोडले. २०२५ च्या सप्टेंबरात त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, कारण त्यातील आकडे तपासणीत टिकले नाहीत. मागे घेतल्याची बातमी मात्र मला एकानेही पाठविली नाही.

आता मी घरी केलेल्या प्रयोगाविषयी, कारण मास्तराची खोड जात नाही. पुतणीच्या देखरेखीखाली दोन आठवडे, रोज त्याच वेळी, तराजूवर तोललेला तोच भात व तेच वरण खाऊन मी साखर तपासली. एके दिवशी नुसते पाणी, एके दिवशी पांढरे व्हिनेगर, एके दिवशी जांभळाचा शिरका, एके दिवशी सफरचंदाचा, असे आलटूनपालटून. औषधाची गोळी मात्र एकही दिवस चुकविली नाही. शिरक्याच्या दिवशी साखर बहुधा थोडी कमी भरे, हे खरे. परंतु चार बाटल्यांमधील आपसातला फरक इतका क्षुल्लक होता की नुसत्या पाण्याच्या दोन दिवसांतच त्याहून मोठा फरक दिसला. शिवाय घरगुती यंत्राविषयीचा आंतरराष्ट्रीय निकषच असा आहे की साखर शंभर किंवा अधिक असता शंभरांतील पंचाण्णव मोजण्या खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत याव्यात. ज्या यंत्राला १५ टक्क्यांची मुभा आहे, त्याने जांभूळ आणि सफरचंद यांच्यातील पाच टक्क्यांचे भांडण कसे सोडवावे? एका माणसाचा प्रयोग तो, त्यास विज्ञान म्हणू नये. पण मोबाइलवर ‘माझी साखर अमक्या शिरक्याने तीस अंकांनी उतरली’ असे जे लिहिलेले असते, ते याच जातीचे असते हे त्यावरून मला उमजले.

बंधूंनो, एवढे सगळे मी केवळ पैशाच्या अपव्ययासाठी सांगत बसलो नसतो. पाचशे रुपये आपण लग्नात हारतुऱ्यांवर याहून सहज उडवितो. परंतु आपल्याच समाजातील एक गृहस्थ, त्यांच्या संमतीने सांगतो, नाव सांगत नाही, दोन वर्षांपूर्वी एका परिचिताच्या सांगण्यावरून जांभळाच्या शिरक्याकडे वळले. पहिल्या पंधरवड्यात बरे वाटले. मग त्यांनी गोळ्या निम्म्या केल्या, मग बंद केल्या. “दोन दोन औषधे कशाला?” असे ते घरी म्हणत. रोवणीच्या दिवसांत बांधीत पायाला काहीतरी लागले. दुखले नाही म्हणून पाहिले नाही. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते आणि दुखत नाही, हेच त्यातील संकट. दिवाळीच्या सुमारास नागपुरास त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. शिरक्याने त्यांची बोटे नेली असे मी म्हणत नाही. बंद केलेल्या गोळ्यांनी नेली. पण गोळ्या बंद करण्याचे धैर्य त्या बाटलीने दिले, हे त्यांच्या पत्नीने मला सांगितले, आणि हे बोलताना त्या माउलीच्या स्वरात रागही नव्हता, नुसता थकवा होता. आज ते या मंडपात बसलेले आहेत. भाषण ठरले तेव्हा त्यांनीच मला म्हटले, “गुरुजी, एवढे अवश्य सांगा.”

दुसरे असे की शिरका निरुपद्रवी नाही. तो कधीही निखळ पिऊ नये. दातांवरील कवच झिजते, घसा व अन्ननलिका भाजते. ऑस्ट्रियातील एक अठ्ठावीस वर्षांची बाई सहा वर्षे रोज पाव लिटर सफरचंदाचा शिरका पीत असे. तिच्या रक्तातील पोटॅशियम घसरले आणि हाडे ठिसूळ झाली, असे तेथील डॉक्टरांनी १९९८ साली नोंदले आहे. शिरक्याच्या गोळ्या घेऊन एका बाईच्या अन्ननलिकेस इजा झाली, तेव्हा अमेरिकेत आठ प्रकारच्या गोळ्या तपासल्या गेल्या, आणि त्यांतील आम्लाचे प्रमाण चिठ्ठीशी जुळेना. सर्वांत काळजीची गोष्ट इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांची. मधुमेह जुना झाला म्हणजे कित्येकांचे जठर आधीच मंद झालेले असते. २००७ साली स्वीडनमध्ये अशा दहा रुग्णांवर केलेल्या प्रयोगात शिरक्याने ते अधिकच मंद झाले. सुई वेळेवर आपले काम करते, अन्न मात्र वेळेवर पोहोचत नाही, आणि साखर एकाएकी खाली जाते. अशांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, डॉक्टरांस विचारल्यावाचून बाटलीस हात लावू नये.

मग आपण करावयाचे काय? आपण कन्हानच्या काठची धानवाली माणसे. आपल्या ताटात पोळी येते आणि जाते, भात हलत नाही. आपले आजोबा पऱ्ह्यात दिवसभर वाकून रोवणी करीत, धानाची पोती पाठीवर वाहत, आणि मग ताटभर भात खात. तो भात त्यांच्या अंगी लागे. आज आपली मुले दुकानात, कचेरीत, येथील वीज केंद्राच्या नोकरीत बसून काम करतात, पण वाढणाऱ्या हाताला आजोबांच्याच पानाची सवय आहे. चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख, फार झोप, गुळाचे पदार्थ आणि नवे धान्य यांची नावे घेतली आहेत. तेथे दह्याचेही नाव आहे, हे मी लपवीत नाही.

जपानी लोक आपल्याहून अधिक भाताचे भक्त. तेथील संशोधकांनी २००३ साली भात निरनिराळ्या सोबत्यांबरोबर देऊन पाहिला. शिरक्याबरोबर साखर कमी चढली. आणि दुधाच्या पदार्थांबरोबर व सोयाबीनच्या पदार्थांबरोबरही कमी चढली. हे ऐकल्यावर मला आपले वरणभात, वर लिंबाची फोड आणि शेवटी वाटीभर ताक असे पान डोळ्यांपुढे आले. लिंबाविषयीही प्रयोग झालेला आहे. फ्रान्समध्ये दहा निरोगी माणसांना पावाबरोबर लिंबाचा रस दिला, तेव्हा साखरेचे शिखर ३० टक्क्यांनी खुजे झाले आणि अर्ध्या तासाहून अधिक उशिरा आले. येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की त्यांनी पाव लिटर रस दिला होता; पानात पिळलेली एक फोड म्हणजे पाव लिटर नव्हे. पण तत्त्व तेच, आंबटपणाचे, आणि ज्यांच्या अंगणात लिंबाचे झाड आहे त्यांनी सफरचंदाच्या बाटलीपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

ज्यांना शिरका घ्यावयाचाच आहे, त्यांनी कोणताही स्वस्त शिरका, एक ते दोन लहान चमचे, भरपूर पाण्यात मिसळून किंवा काकडी-मुळ्याच्या कोशिंबिरीवर घालून, भाताच्या जेवणाबरोबर घ्यावा. नंतर तोंड पाण्याने खळखळून टाकावे. गोळी, सुई, तपासणी यांत यत्किंचितही फेरफार करू नये. आणि त्या कोशिंबिरीपासूनच जेवणास आरंभ करावा. भाजी व वरण आधी, भात मागाहून, एवढ्या क्रमबदलाने साखर बरीच कमी चढते, असे न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली अकरा रुग्णांवर पाहिले गेले. यास पैसा लागत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्यासही लागत नाही. आमच्या घरी मी भाताचा ओगराळा बदलून लहान केला, त्यावरून चार दिवस अबोला होता. तो मिटला, ओगराळा लहानच राहिला.

अध्यक्षमहाराजांनी घंटी वाजविण्यापूर्वी एक सूचना. शाळेच्या पश्चिमेकडील व्हरांड्यात आज साखर तपासण्याची व्यवस्था मंडळाने केली आहे. उपाशीपोटी १०० च्या आत आकडा आला तर ठीक; १०० ते १२५ आला तर उंबरठा समजावा, आणि १२६ किंवा अधिक आला तर पुन्हा रीतसर प्रयोगशाळेत तपासून डॉक्टरांकडे जावे. ज्यांनी सकाळपासून काही घेतले नाही त्यांनी आधी तेथे जावे, मग पंगतीस यावे. पायाचे तळवे पाहण्यासाठीही तेथे परिचारिका बसल्या आहेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने जोडे काढून ते दाखवावेत, लाज बाळगू नये. मी आणलेल्या चारही बाटल्या शेजारच्या मेजावर ठेवल्या आहेत. चिठ्ठीवरील आम्लाचा टक्का कोठे लिहिलेला असतो, तो माझी पुतणी दाखवील. पिऊन पाहण्याचा आग्रह मात्र कोणी धरू नये, कारण पाण्याचा माठ पंगतीकडे नेला आहे.